जास्तीची रायफल

निवडणूक पार पडली की ठाण्यात जमा केलेली हत्यारं परत मिळतात. त्या दुपारी मी आमची दोन्ही घेऊन घरी आलो, दुनळी आणि रायफल. वरोऱ्याकडचं ऊन, गावातली कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडलेली. जेवण झालं, झोप काही येईना. रायफलीचा बोल्ट काढला, नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि आत डोळा लावला. चांगल्या नळीतले आटे, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, कसे लखलखत, वळत वळत जातात. आमच्या नळीत निम्म्यापुढे नुसता काळोख. गजाला फलालीनची चिंधी लावून फिरवली, तर ती गंजानं काताच्या रंगाची होऊन बाहेर आली.

बायको सुपारी कातरत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दोन-दोन बंदुका घरात, आन् तूर डुकरं खाऊन रायले."

तिचं चुकत नव्हतं. दुनळी एक वेळ कामाची, पण ही जास्तीची. ठेवायची, विकायची, की नळी बदलून घ्यायची?

एकेकाळी तीन होती. आबांची, म्हणजे आजोबांची भरमार (तोंडातून दारू ठासायची जुनी बंदूक), दुनळी आणि ही. 2019 मध्ये कायदा बदलला, एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं असं ठरलं, आणि भरमार गेली. त्या वेळी घरात काही चर्चाच झाली नाही. वरून हुकूम आला की माणूस किती सुटतो! आता दोन आहेत, कायद्यात बसतात, कुणाची काही हरकत नाही, आणि तिथंच घोडं अडलं आहे.

रायफल .315 बोअरची, बंगालातल्या ईशापूर कारखान्यातली. .303 ही फौजेची गोळी, ती लोकांच्या हाती लागू नये म्हणून तशाच घाटाच्या रायफलीला वेगळ्या मापाची नळी, असा तो इंग्रजी काळापासूनचा हिशेब. काडतुसं खडकीची. आमच्या शेजारी भद्रावतीला एवढी मोठी आयुध निर्माणी, पण तिथला माल तोफगोळ्यांचा, आमच्या काय कामाचा!

आबांच्या हातात मी ती पाहिली ते दिवस शिकारीचे होते. जंगलखात्याचा परवाना काढून शिकार ब्लॉकमध्ये, शिकारीला राखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, जायचे. परत आले की आधी स्वतःची आंघोळ नाही, रायफलीची. जुन्या काडतुसांच्या टोपीतलं रसायन उडालं की नळीत एक प्रकारचं मीठ मागे राहतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. तेलानं ते जात नाही, पाण्यानंच जातं. आबांना रसायन ठाऊक नव्हतं, पाणी ठाऊक होतं. चुलीवरची किटली उकळत आली की अंगणात रायफल तिरपी धरायचे, काडतूस बसतं तिथं छोटं नरसाळं लावायचे आणि धार सोडायचे. दुसऱ्या तोंडातून आधी काळं पाणी, मग राखाडी, मग निवळ. नळी इतकी तापायची की पुसायला फारसं उरतच नसे, वाफ होऊन सगळं उडून जाई. मग रंगून तेलाची चिंधी. गज ओढायचा मान नातवंडांचा, आणि त्यावरून आमची मारामारी. आजी आतून ओरडायची, "पोरायच्या आंघोळीचं पाणी बंदुकीले ओतून रायले का?" तर हो, ओततच होते.

1972 चा वन्यजीव कायदा आला आणि शिकार संपली. आबांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही, पण किटली काही सोडली नाही. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, वर्षभरात एक गोळी उडालेली नसतानाही, उकळतं पाणी ठरलेलं. दुसऱ्या दिवशी हळद, कुंकू, आपट्याची पानं. माझी एक खोड इथलीच. दस्त्याच्या स्क्रूच्या खाचेत हळद जाऊन बसते, तेलात कालवली जाते, आणि ती टाचणीनं कोरून काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरातले म्हणतात, देवाची हळद, राहू दे. मी राहू देत नाही.

आबांनंतर किटली बंद झाली. पुढे कधी काकांच्या फडताळात, कधी निवडणुकीपायी ठाण्याच्या ओल्या कोठडीत असे पावसाळे गेले, आणि नळीत काळोख झाला.

विकायची म्हटलं तर आधी कलेक्टर कचेरीला नाहीतर ठाण्याला लेखी कळवा, 45 दिवस थांबा, घेणाऱ्याकडे परवाना हवा. आता घेणारा कोण? हल्ली ज्याला त्याला कमरेला लावायचं पिस्तूल हवं, लग्नात कोट जरा मागे सारला की दिसेल असं. नागपूरच्या एका दुकानदारानं रायफल हातात घेतली, नळीत डोकावला, परत खाली ठेवली आणि जो आकडा सांगितला तो दस्त्याच्या लाकडाचा असावा.

नळी बदलायची तर माप तेच हवं, कारागीर परवानावाला हवा, कागद करायचे ते वेगळेच, आणि खर्च रायफलीच्या किमतीपेक्षा जास्त. बरं, बदलून मारायचं काय? पीक खाणारं डुक्कर नि रोही, म्हणजे नीलगाय, मारायलाही वनखात्याची परवानगी लागते. शिवाय ही गोळी दोन किलोमीटरच्या पुढे जाते. आमचं शिवार सपाट, रात्री दर वावरात कुणी ना कुणी माळ्यावर बसलेलं. अंधारात तिथं रायफल चालवणारा माणूस गावाला नको, मलाही नको. डुकरांसाठी कुंपणाच्या तारेतून विजेचा झटका देणारं झटका मशीन आहे, रात्रभर कुत्र्याच्या आवाजात भुंकणारा भोंगा आहे, धुऱ्यावर बांधलेली जुनी लुगडी आहेत. डुकरं या तिन्हींना सरावली, ती गोष्ट वेगळी.

म्हणजे हिशेब सरळ आहे, विकून टाकावी. पण गावाचा हिशेब निराळा. ताडोबाचं जंगल फार लांब नाही, वाघ नाल्या-नाल्यानं शिवारात येतो. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर मोटरीची थ्री फेज वीज रात्रीची. मोटर सुरू करायला जावंच लागतं. अशा वेळी हाक येते, "भाऊ, रायफल आना." दुनळी नेली तर चालत नाही. दुनळी डुकराची आणि रायफल वाघाची, असं गावानं कधीचं ठरवून टाकलं आहे. मी नुसता खांद्याला अडकवून धुऱ्यावर उभा राहतो आणि चार माणसं पुढे निर्धास्त चालू लागतात. तिच्या नळीत काय आहे ते मला ठाऊक, नागपूरच्या दुकानदाराला ठाऊक.

मागल्या हिवाळ्यात आमचा सालगडी असाच विहिरीकडे निघाला आणि वाटेतल्या नाल्यात एकटा उतरला. हातात टॉर्च, तोही मिणमिणता. दोन्ही काठांना कमरेइतकं गवत. मोटर सुरू करून वर आला तेव्हा विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाला, "तुम्ही होते ना मांगं, रायफल धरून."

माझ्या खिशात एक काडतूसही नव्हतं.

रायफल नसती तर तो असा उतरला नसता. दोघांना सोबत घेऊन, आरडाओरडा करत, टिनाचा डबा वाजवत गेला असता, जसे बाकीचे सगळे जातात. हे मी त्याला एकदा समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "मंग नळी बदलून आना ना, भाऊ."

विक्रीचा कागद लिहून ठेवला आहे, सही तेवढी राहिली आहे. ती हरभऱ्याच्या पेरणीआधी व्हायला हवी.