एकच ड्रॉईंग, चार टास्क

‘एकच फाईल चार टास्कना लागते, मग ती चारही ठिकाणी अपलोड करायची का?’ इंटिरिअरच्या कामांचा हिशेब मी रेडमाईनवर, म्हणजे टास्क वाटून त्यांचा पाठपुरावा करायच्या सॉफ्टवेअरवर, ठेवते म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते. नाही करायची. फाईल एका जागी ठेवायची आणि टास्कमध्ये तिची लिंक द्यायची. अपवाद आहे, तो पुढे येतोच.

सर्व्हर भरेल ही भीती सोडा. रेडमाईनच्या ३.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, हुबेहूब तीच फाईल पुन्हा चढवली तरी डिस्कवर एकच प्रत राहते. भानगड सुरू होते ती फाईल बदलल्यावर.

किचनचा लेआउट घ्या. प्लंबिंग, वायरिंग, ओटा, फर्निचर. माणसं चार, ड्रॉईंग एक. एका कामात घरातल्या काकू म्हणाल्या, सिंक खिडकीखाली हवं. नवं ड्रॉईंग झालं, प्लंबिंगच्या टास्कला लागलं आणि बाकीच्या तिघांकडे जुनंच राहिलं. प्लंबरने पाण्याचा पॉइंट खिडकीखाली काढला. वायरमनने वॉटर प्युरिफायरचा सॉकेट समोरच्या भिंतीवर. दोघंही आपापल्या फाईलप्रमाणे बरोबर! भिंत मात्र पुन्हा फोडावी लागली.

आता रेडमाईनमधली गोम. टास्कला जोडलेली फाईल त्या टास्कचीच असते. अटॅचमेंटचा शॉर्टकट, म्हणजे मजकुरात फाईलचं नाव लिहून लिंक करायची सोय, त्याच टास्कपुरता चालतो, शेजारच्या टास्कमधून त्याने ती फाईल बोलावता येत नाही. म्हणून मी प्रोजेक्टचं ‘डॉक्युमेंट्स’ मॉड्यूल चालू करते, तिथे ‘किचन लेआउट’ अशी एक नोंद करते आणि चारही टास्कमध्ये इंग्रजीत डॉक्युमेंट, त्याला चिकटून हॅश (#) आणि नोंदीचा नंबर लिहिते. लिंक आपोआप तयार होते. पुढचं रिव्हिजन, म्हणजे सुधारलेलं ड्रॉईंग, त्याच नोंदीत चढवायचं. जुनं-नवं एकाखाली एक दिसतं.

गुगल ड्राईव्हवर काम करत असाल तर फाईलचं नाव बदला, फोल्डर बदला, लिंक तीच राहते. नवी पीडीएफ मात्र वेगळी फाईल म्हणून टाकू नका, ‘मॅनेज व्हर्जन्स’मधून जुनीवरच चढवा. आणि फाईल कुणाच्या खासगी अकाउंटवर नको; तो माणूस नोकरी सोडून गेला की शोधाशोध सुरू.

अपवाद म्हणजे सही झालेला कागद. क्लायंटने मंजुरी दिली ती आर१ ला, म्हणजे पहिल्या रिव्हिजनला; महिन्याभराने लिंक उघडली तर समोर आर३. शिवाय ड्राईव्ह पीडीएफच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवसच ठेवतो, ‘कायम ठेवा’ची खूण केली नसेल तर. म्हणून मंजूर झालेली पीडीएफ मी मंजुरीच्या टास्कलाच जोडते, तिथे लिंक चालत नाही. पैशांचा वाद निघाला की हीच प्रत कामाला येते.

लिंकची एक खोड कुणी सांगत नाही. तिच्यामागची फाईल बदलली तरी टास्कला त्याचा पत्ता नसतो. वायरमनचा टास्क होता तसाच शांत, कुणाला मेल नाही. मग रेडमाईनच्या यादीत चारही टास्क निवडायचे, राईट क्लिक करून एडिट घ्यायचं आणि एकच नोट लिहायची: ‘आर२ आलं, सिंक खिडकीखाली, जुनं वापरू नका.’ चारही टास्कवर ती एकदम पडते आणि ज्याच्या नावावर टास्क आहे त्याला मेल जातो. नुसतं ‘अपडेटेड ड्रॉईंग’ लिहू नका, काय बदललं ते लिहा.

साईटवरचा मिस्त्री रेडमाईन उघडत नाही, ते सोडाच. त्याच्यासाठी प्रिंट काढा, कोपऱ्यात रिव्हिजन नंबर आणि तारीख ठसठशीत असू द्या, आणि नवी देताना जुनी त्याच्या हातातून मागून घ्या.