माकडं मारली तर माकडताप जाईल का?

जानेवारी ते मे या काळात सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा पट्ट्यातल्या कुठल्याही वाडीत आमची जीप थांबली, की हा प्रश्न येतोच. "साहेब, ही माकडांच मारून टाकल्यार हो ताप जातलो मां?" विचारणारा बहुधा बागायतदार असतो आणि त्याच्या प्रश्नात तापाइतकाच नारळांचाही राग असतो. केलड्यांनी, म्हणजे इथल्या लाल तोंडाच्या माकडांनी, कोवळे नारळ खाली टाकलेले, काजूची बोंडं चावून फेकलेली. तो राग खोटा नाही. तरी माझं उत्तर ‘नाही’ असंच असतं, आणि ते बांधावर उभ्या उभ्या पटत नाही.

आधी माझं काम सांगतो. पांढऱ्या फलालीनचा तुकडा काठीला बांधून रानातल्या पातेऱ्यावरून, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांवरून, ओढत न्यायचा, थोड्या थोड्या अंतरावर थांबून उलटायचा आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने बाटलीत भरायच्या. जागा लिहायची, तारीख लिहायची. बाटल्या प्रयोगशाळेत जातात, तिथे विषाणू आहे का ते तपासतात. आम्ही शोधतो ती गोचीड गुरांच्या कानाशी लटकलेली टपोरी गोचीड नव्हे. तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं आणि अंगावर चढलेलं कळतही नाही. या पिल्लांचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. नेमका तेव्हाच आपल्याकडे काजू वेचायचा, भाजावळीसाठी, म्हणजे शेतजमीन भाजायला, कवळ (झाडांच्या पानांसकट फांद्या) तोडायचा आणि पातेरा गोळा करायचा हंगाम असतो. माणूस वाकून, बसून, पातेऱ्यात हात घालून काम करतो. विषाणू असलेली गोचीड चावली की माकडताप होतो, आणि तो होतो तो इथे.

या आजाराचा छडा 1957 साली लागला. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरत होती आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणत होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली माणसं (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच) तिथे पोचली, तेव्हा पहिली धास्ती पीतज्वराची होती, कारण दक्षिण अमेरिकेत त्या रोगाने माकडं अशीच मरतात. निघाला मात्र वेगळाच विषाणू, रशियातल्या एका गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग. मग तिकडून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांवर संशय गेला. सलीम अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही, पण त्यांच्या प्रवासाची माहिती मात्र भरपूर हाती लागली. संशोधनात असं फुकटचं पीक कधी कधी येतं.

आता माकडाकडे. माकडाच्या रक्तात हा विषाणू भरपूर वाढतो आणि त्याला चावलेल्या गोचिडी तो उचलतात, हे खरं. त्यामुळे तुमचा प्रश्न अगदीच बिनबुडाचा नाही. पण एकदा गोचिडीत शिरलेला विषाणू तिच्या अळीपासून पिल्लात आणि पिल्लातून मोठ्या गोचिडीत टिकून राहतो. शिवाय उंदीर, चिचुंद्री असले लहान प्राणी या साखळीत आहेतच. माकडं संपवलीत तरी ते राहणार, आणि पातेराही राहणार. हीच गोचीड मोठी झाली की गुरांच्याही रक्तावर पोसते. मारायचाच हिशेब मांडला तर गोठ्यातल्या गायीपर्यंत यावं लागेल, आणि तिथे प्रश्न विचारणारे गप्प होतात.

दुसरं असं, की प्राणी मेला की त्याचं अंग थंड पडतं आणि गोचिडी उतरून खाली पसरतात. गोळी घातलेलं माकड तुमच्याच बागेत पडलं तर तो सगळा माल तुमच्याच बागेत. म्हणून मेलेलं माकड सापडलं की भोवतालच्या पन्नासेक मीटरमध्ये औषधाची भुकटी मारतात आणि तिथे जायला मनाई करतात. या विषाणूने आपण आजारी पडतो तसं माकडही पडतं, आणि पुष्कळदा आपल्या आधी मरतं. कुठलं रान पेटलंय हे आम्हाला त्याच्यामुळे कळतं. प्रत्येक मेलेलं माकड याच तापाने मेलेलं नसतं, पण तपासल्याशिवाय ते सांगता येत नाही.

मग पुढचा प्रश्न, लस का नाही? होती. कर्नाटकात ती वर्षानुवर्षं टोचली गेली. 1990 च्या सुमाराच्या चाचणीत दोन मात्रांनी नव्वद टक्क्यांहून जास्त संरक्षण दिसलं, पण पुढच्या अभ्यासांत आकडा बराच खाली आला. तिच्या मात्रा पुन्हा पुन्हा घ्याव्या लागत, टोचल्यावर दुखतही असे. लोक दुसऱ्या मात्रेला फिरकत नसत, त्यात त्यांचा दोष मला दिसत नाही. अखेर ती लस थांबली. नवीचं काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हाती घेतलं आहे. माझ्या मते जुन्या लसीची फेरतपासणी फार आधी व्हायला हवी होती.

तोवर हाताशी जे आहे ते साधं आहे. या तापावर खास औषध नाही, वेळेत दवाखान्यात पोचणं एवढंच. माणसाकडून माणसाला तो लागत नाही, तेव्हा आजाऱ्याला वाळीत टाकू नका. रानात जाताना अंगभर कपडे घाला, आरोग्य केंद्रात मिळणारं तेल हातापायांना चोळा. परत आल्यावर कढत पाण्याने अंघोळ करा, कपडे गरम पाण्यात टाका, आणि कानामागे, काखेत, कमरेच्या घडीत बघा.

नारळांचं नुकसान हा वेगळा तंटा आहे, तो वन खात्याशी खुशाल भांडा. मी तुमच्या बाजूने बोलेन. मेलेलं माकड दिसलं तर मात्र हात लावू नका, काठीने ढोसूही नका. वनरक्षकाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी फोन करा. उन्हात एक-दोन दिवस पडलं की ते कुजतं, मग नमुना तपासायच्या लायकीचा राहत नाही, आणि तोवर गोचिडीही उतरून गेलेल्या असतात.