आठव्यांदा तोच ऑगस्ट

शनिवार, रात्री उशिरा

‘हारुही सुझुमिया’ या जपानी ॲनिमेशन मालिकेतला ‘एंडलेस एट’ आज संपवला. उन्हाळी सुट्टीचे तेच दोन आठवडे फिरून फिरून येतात, त्याची ही गोष्ट. आठही भाग, एकही न वगळता. तोच पोहण्याचा तलाव, तीच बोन उत्सवाची, म्हणजे तिकडच्या पितरांच्या सणाची, जत्रा, बेडकाचे पोशाख घालून केलेलं तेच फुटकळ काम, तेच फटाके. शेवटी कॅफेतून हारुही उठून निघते, तिच्या वर्गातल्या क्योनला काहीतरी म्हणायचं असतं, तोंडातून शब्द फुटत नाही, की झालं! पुन्हा 17 ऑगस्ट. चौथ्या भागात मी भेंडी चिरून घेतली, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

भाचीने बजावलं होतं, “मावशी, पहिले दोन बघ आणि थेट आठवा लाव. मधलं काहीही मिस होत नाही.” तिच्या अख्ख्या ग्रुपचं हेच मत आहे. गणपतीत आम्ही दोघींनी या मालिकेवरचा चित्रपट पाहिला तो असाच, मधलं सगळं गाळून. त्यात हारुहीच्या क्लबातली अबोल युकी नागातो एका रात्रीत सगळं जग बदलून टाकते. तेव्हा मला ते अचानक वाटलं होतं. हिला एकदम काय झालं? म्हणून मागे जाऊन सगळं पाहायचं ठरवलं.

मूळ मालिका 2006 ची, क्योतो ॲनिमेशन या स्टुडिओची. हारुही ही हायस्कुलातली पोरगी. तिला परग्रहवासी, काळप्रवासी आणि अतींद्रिय शक्तीची माणसं भेटायला हवी असतात. ती भेटलेलीच असतात, तिच्याच क्लबात बसून चहा पीत असतात. फक्त हे तिला कुणी सांगत नाही, कारण बाईसाहेबांची मर्जी फिरली तर जगाची घडी विस्कटते. सगळा डोलारा या एका थट्टेवर उभा आहे आणि ती थट्टा अजून शिळी झालेली नाही. क्योनची कुरकुर तर ऐकतच राहावी.

पहिल्या 14 भागांनी लोकांना वेड लावलं. मग 2009 मध्ये जुन्या भागांत नवे 14 मिसळून मालिका पुन्हा दाखवली गेली, आणि त्या नव्या चौदांपैकी आठ हे असे! जूनपासून ऑगस्टपर्यंत, आठवड्याला एक. तीन वर्षं वाट पाहिलेला माणूस रात्री जागून टीव्ही लावतो आणि त्याला गेल्या आठवड्याचीच गोष्ट दिसते. लोक भडकले, आणि साहजिकच आहे. पहिल्या मालिकेत मोठा वाटा असलेले दिग्दर्शक युताका यामामोतो यांनी तर त्या वर्षी अमेरिकेतल्या एका संमेलनात माफी मागितली. गंमत म्हणजे तोवर त्यांनी स्टुडिओ सोडलेला होता.

दुसरी बाजू म्हणते, हा धाडसी प्रयोग आहे. नागातो ती सुट्टी 15,532 वेळा जगते, आणि फक्त तिलाच प्रत्येक खेप लक्षात राहते. हिशेब केला तर सहाशे वर्षांना टेकतं. आपल्याला आठ खेपांत जीव नकोसा होतो, मग तिचं काय झालं असेल, हा त्यांचा मुद्दा. पटतो. पण असं म्हणणारे बरेचसे नंतर आलेले, माझ्यासारखे घरबसल्या दोन दिवसांत उरकणारे. मला वाटतं, 2009 मध्ये चिडलेल्यांनाच ती गोष्ट खरी कळली होती. पुढच्या आठवड्यात तरी सुटका होईल या आशेने बसायचं आणि पुन्हा तेच बघायचं, हा अनुभव त्यांनी घेतला. आम्ही त्याचं कौतुक करतो.

एक मात्र मान्य करायला हवं, यात कामचुकारपणा नाही. आपल्याकडच्या रोजच्या मालिकेत एका साखरपुड्यावर पंधरा भाग निघतात, तेही जुनीच दृश्यं आणि ढॅणढॅण संगीत चिकटवून. इथे प्रत्येक भाग नव्याने काढलाय, संवाद नव्याने ध्वनिमुद्रित केलेत, कॅमेऱ्याचा कोन वेगळा, कपडे वेगळे. तिसऱ्या भागापासून मी कपडेच बघत बसले. इतकी मेहनत, आणि ती प्रेक्षकाला वैताग देण्यासाठी! 

माझं मत विचाराल तर पाच पुरले असते. आणि माझी तक्रार संख्येपेक्षा वेगळीच आहे. आठही भाग क्योनच्या नजरेतून चालतात. त्याला काही आठवत नाही, नुसती हुरहुर लागते. जिला सगळं आठवतं ती फ्रेमच्या कडेला. जत्रेत मुखवटा विकत घेते, बस्स. आधी का सांगितलं नाहीस असं विचारलं तर म्हणते, माझं काम निरीक्षण करण्याचं. त्या एका वाक्यावर थांबायला हवं होतं. निदान एक खेप तिच्या बाजूने दाखवली असती तर कुणी उठून गेलं नसतं. फेब्रुवारी 2010 मध्ये आलेला चित्रपट ती उणीव भरून काढतो, पण तोवर किती जणांनी नाद सोडला असेल.

शेवटाबद्दल मात्र मी ठामपणे मालिकेच्या बाजूची. अनेकांना तो फुसका वाटतो. सुट्टीत काहीतरी राहून गेलं असं हारुहीला वाटत असतं, म्हणूनच ती संपत नसते. इतकं आभाळ फाटल्यावर तोडगा काय, तर क्योन ओरडतो की माझा सुट्टीचा अभ्यास राहिलाय, आणि सगळे त्याच्या घरी जमून तो पूर्ण करतात. 1 सप्टेंबर उजाडतो. मला हसू आवरेना. जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या रात्री कोऱ्या वहीसमोर बसून रडलेल्या कुणालाही यात काही फुसकं वाटायचं नाही. पंधरा हजार वेळा कुणाला अभ्यास आठवला नाही, यावर तर माझा सहज विश्वास बसतो.