बाळाची खरेदी आणि बिलातलं ‘बेबी किट’ : माझा अनुभव

मुलीच्या जन्माच्या बिलात खोलीभाडं, भूलतज्ज्ञांची फी, औषधं या सगळ्याच्या खाली एक ओळ होती : ‘बेबी किट’. रक्कम चार हजारांच्या वर. मुलगी आता रांगायला लागली, तरी त्या ओळीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. बाळासाठी काय घ्यावं आणि काय घेऊ नये, असं मैत्रिणी विचारतात तेव्हा झबल्या-टोपड्यांच्या आधी मी त्या किटवरच येते. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

दवाखान्यात जाण्याआधीची खरेदी एका दुपारीच उरकली. आई आणि मी नाशिकला मेन रोडवर गेलो, नाडीची सुती झबली, टोपडी, दुपटी आणि मेणकापड घेतलं. लंगोट आईने स्वतःच्या मऊ झालेल्या साड्यांचे शिवले. कुंची सासूबाईंनी शिवून ठेवलीच होती. सगळं धुऊन, वाळवून पिशवी भरली. बटणं आणि चेनवाले कपडे मुद्दाम घेतले नाहीत, कारण मान न सावरणाऱ्या बाळाला नाडीचं झबलं घालणं फार सोपं जातं. बास, एवढंच.

मग सिझेरियन झालं आणि खोलीत एक सीलबंद पिशवी आली. आम्ही मागवली नव्हती. खालच्या मेडिकलमधून वॉर्डबॉय घेऊन आला, टेबलावर ठेवून गेला. आत पावडर, साबण, लोशन, मालिशचं तेल, वाइप्स, दोन प्लास्टिकच्या बाटल्या, डायपरचं पाकीट आणि तळाशी दूध पावडरचा डबा. डायपर एम साइझचे, म्हणजे सात ते बारा किलोच्या बाळाचे. आमची मुलगी २.९ किलोची. मी सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या, “ताई, सगळ्याच बाळांना हे देतो आम्ही. राहू द्या, लागतं.”

मी पिशवी फोडू दिली नाही. पैशांचा प्रश्न होताच, पण मला खरी चीड आली ती वेगळ्या गोष्टीची. बाळ नीट ओढतंय का, हे कोणी पाहण्याआधीच बाटली आणि डबा उशाशी येऊन बसले होते. टाके दुखतायत, बाळ रडतंय, रात्रीचे दोन वाजलेत आणि समोर डबा आहे, म्हटल्यावर कुठल्याही घराचा हात तिकडेच जाणार. आणि एकदा वरचं दूध सुरू झालं की बाळ अंगावर कमी ओढतं. ओढणं कमी झालं की दूधही कमी तयार होतं. मग ‘दूध पुरत नाही’ हे खरंच होऊन बसतं.

झालंही तसंच. दुसऱ्या रात्री मुलगी सारखी रडत होती. सिस्टर म्हणाल्या, “दूध उतरलेलं नाही तुमचं, डबा फोडा.” माझी आई घाबरली. मी म्हटलं, “सिस्टर, आधी तिचं वजन करून बघूया का?” वजन भरलं २.७४ किलो. नवऱ्याने मोबाइलवर हिशोब केला, घट सहा टक्क्यांच्याही आत होती. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात टक्क्यांपर्यंत घटणं नेहमीचं असतं. दहा टक्क्यांच्या पुढे गेलं तर डॉक्टरांनी लगेच पाहायला हवं. एरवी घटलेलं वजन दोन आठवड्यांच्या आसपास भरूनही येतं. हे मी सातव्या महिन्यातच आमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून वहीत लिहून ठेवलं होतं, आणि त्या रात्री तीच वही उपयोगी पडली याचा मला आजही अभिमान आहे. सुरुवातीचा चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, थोडाच असतो, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं.

खरी मदत केली ती रात्रपाळीच्या मावशींनी. त्यांनी मला कुशीवर वळवलं, पाठीला दुपटं लावलं आणि म्हणाल्या, “तोंड मोठं उघडू दे तिला. नुसतं बोंड नको, काळा भाग तोंडात जाऊ दे.” चीक हाताने काढून वाटी-चमच्याने थेंब थेंब पाजला. सकाळी बालरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितलं, बाळ छान आहे, वरचं काही नको.

इथवर मी शांत होते. मला खरं छळलं ते घरी जायच्या दिवशी.

सकाळी लवकर सांगितलं होतं की आम्ही निघतोय, सील न फोडलेलं किट परत घ्या. बिलिंगच्या खिडकीतून उत्तर आलं, “बेबी किट रिटर्न होत नाही, मेडिकलला विचारा.” मेडिकलवाला म्हणाला, वॉर्डातून मागणी आली होती, सिस्टरची सही आणा. मागणी करणाऱ्या सिस्टरची ड्यूटी संपलेली. नव्या सिस्टर म्हणाल्या, “मी दिलेलं नाही, मी कशी सही करू?” त्यांचंही चुकत नव्हतं. मॅनेजरसाहेब राउंडला, मग मीटिंगमध्ये, मग जेवायला. नवरा जिने चढत-उतरत होता. मी बाळाला दुपट्यात गुंडाळून पलंगाच्या कडेवर बसलेले, पाठ ठणकत होती, आणि फाइल काही खाली येत नव्हती. त्यात बारा वाजून गेले की आणखी एका दिवसाचं खोलीभाडं लागणार, असं कोणीतरी येऊन सांगून गेलं. आई म्हणाली, “जाऊ दे गं, भर पैसे आणि चल घरी.” मी नाही म्हटलं. तान्ह्या बाळाची आई दमून गप्प बसेल याच भरवशावर हे चालतं, असं मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसलं.

गाठ सुटली ती डब्यावरच्याच मजकुराने. नवऱ्याने पिशवीतून दिसणारं लेबल खिडकीपाशी मोठ्याने वाचलं. आईचं दूध सर्वोत्तम ही सूचना तर होतीच, पण त्याखाली हेही होतं की हे दूध आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्यानेच वापरावं. तो म्हणाला, “आमच्या बाळाला हा सल्ला कोणी दिला, त्यांच्या सहीने कागदावर द्या. कागद मिळाला की पूर्ण पैसे भरतो.” सही करायला कोणीही पुढे येईना. बालरोगतज्ज्ञांच्या नोंदीत तर ‘फक्त स्तनपान’ लिहिलेलं. मग जेवायला गेलेले साहेब आले. डबा, बाटल्या आणि डायपर यांचे पैसे वजा झाले. पावडर, लोशन, तेलाचे मात्र घेतलेच, पिशवीचं सील तुटलंय म्हणून. ते सील त्यांच्याच माणसाने डबा बाहेर काढताना आमच्यासमोर तोडलं होतं. त्या पैशांवर पाणी सोडून आम्ही निघालो, कारण बाळाची पाजायची वेळ झाली होती.

घरी आल्यावर कायदा वाचला. बाळाचं पर्यायी दूध, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्यासाठी १९९२ सालचा केंद्राचा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. यांची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, खप वाढावा म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी किंवा पैसे देता येत नाहीत, डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्रसुद्धा छापता येत नाही. मेडिकलमध्ये डबा विकणं गुन्हा नाही. पण न मागता प्रत्येक बाळंतिणीच्या उशाशी तो ठेवणं या कायद्याच्या हेतूच्या पूर्ण उलट आहे. औषधं कुठून घ्यायची हे ठरवण्याचा हक्कही रुग्णाला आहे, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो स्पष्ट लिहिलाय.

तेव्हा नाव नोंदवतानाच विचारा : नवजात बाळाचं किट सक्तीचं आहे का, त्यात काय काय आहे? नको असेल तर फाइलवर तसं लिहून घ्या, तोंडी सांगून उपयोग नाही. बिल नेहमी तपशीलवार मागा.

एक मात्र मनापासून सांगते. ज्या बाळाला डॉक्टरांनी तपासून वरचं दूध लिहून दिलंय, त्याच्या आईने जराही मन खट्टू करू नये. काही बाळांना ते लागतंच. कमी दिवसांच्या बाळांसाठी तर मोठ्या रुग्णालयांत मानवी दुग्धपेढ्याही असतात. आशियातली पहिली मुंबईत सायन रुग्णालयात १९८९ साली सुरू झाली. वरचं पाजायचं झालं तरी वाटी-चमचा बाटलीपेक्षा बरा, धुवायला आणि उकळायला सोपा. सासूबाईंनी नवऱ्याच्या वेळचं चांदीचं बोंडलं, म्हणजे दूध पाजायचं चोचीचं भांडं, काढून दिलं, तेही छान चाललं.

आता खरेदीचं, जसं आठवेल तसं.

आमचं बाळ पावसाळ्यातलं. लंगोट वाळेनात, इस्त्री फिरवूनही ओलसर राहायचे. त्यामुळे दिवसा लंगोट आणि रात्री डायपर असं ठरलं. डायपर वाईट नाहीत, पण न्यूबॉर्न साइझचं छोटं पाकीटच घ्या, पाच किलोच्या पुढे ते चालत नाहीत आणि बाळं भराभर वाढतात. पहिले दिवस सरले की दिवसाकाठी सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत. दूध पुरतंय की नाही, ते त्यावरून कळतं. हे मोजायला लंगोटच बरे पडतात.

डिजिटल थर्मामीटर घ्याच. मच्छरदाणीही घ्याच. व्हिटॅमिन डीचे थेंब डॉक्टर लिहून देतात, रोज ४०० युनिट. मात्र बाटलीवरचं प्रमाण नीट वाचा, सगळ्या कंपन्यांच्या एका मिलीत सारखे युनिट नसतात.

बाळाचा वजनकाटा घेऊ नका. मी नंतर माहेरी गेले, तिथे आशाताई काटा आणि थर्मामीटर घेऊन घरी यायच्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी यायचं असतं. घरी येऊन नवजात बाळाला तपासण्याची ही पद्धत आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने घालून दिली. आशाताईंच्या त्या एवढ्याशा पिशवीत जे असतं, त्याने मला जितका धीर आला तितका कुठल्याही महागड्या वस्तूने आला नाही.

पावडर अजिबात नको, तिची धूळ बाळाच्या श्वासात जाते. काजळही नको, त्यात शिसं असू शकतं. सासूबाईंना तीट हवीच होती, तर मी म्हटलं, “अहो आई, डोळ्यात नको, तळपायाला लावूया.” त्या लगेच तयार झाल्या. ग्राइप वॉटर घेतलं नाही. गुटी मधातून द्यायची असं शेजारच्या काकू सांगत होत्या, त्याला मी ठाम नकार दिला. वर्षाच्या आत मध देऊच नये, त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. नाळेला तेल, हळद, पावडर काहीच लावायचं नाही, कोरडी ठेवायची.

मोहरीची उशी भेट आली होती, ती कपाटातच ठेवली. बाळ सपाट, घट्ट गादीवर, उताणं झोपवायचं, शेजारी मऊ खेळणी किंवा उशा नकोत. स्टरिलायझर नको, झाकणाचं पातेलं आणि उकळतं पाणी पुरतं. ब्रेस्ट पंप आधी घेऊन ठेवू नका. मी कामावर रुजू व्हायच्या सुमारास हाताने चालणारा घेतला. काढलेलं दूध खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चोवीस तास राहतं. वॉकर तर कधीच नको, कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे.

मोठा खर्च आम्ही एकच केला, तो गाडीतल्या बेबी सीटचा. बाळाचं तोंड मागच्या काचेकडे येईल अशी मागच्या सीटवर बसवायची असते. नातेवाईक म्हणाले, मांडीवर घेऊन बसता येत नाही का? धक्का बसला तर मांडीवरचं बाळ हातात राहत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा अशी सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे.

आणि बारशाला कोणी “काय आणू?” विचारलं तर संकोच करू नका. सगळेजण तीन महिन्यांच्या आतलेच कपडे आणतात आणि ते घडी न मोडता लहान होतात. मी सरळ सांगितलं, सहा ते बारा महिन्यांचं आणा. सध्या मुलगी तेच घालते आहे.