दोरीवरचा माणूस

रेसलिंग बघायला मला आवडत नाही, कापायला आवडतं. क्रिकेटचं पॅकेज, म्हणजे टीव्हीवरची निवडक क्षणांची छोटी फिल्म, कापणं म्हणजे कांदा चिरणं. चेंडू, बॅट, सीमारेषा, टाळ्या, पुढचा चेंडू. डोळे मिटून होतं. रेसलिंगमध्ये मात्र दर दहा सेकंदांनी कुणीतरी हवेत असतं, आणि हवेतला माणूस कुठल्या फ्रेमवर सोडायचा नि कुठल्या फ्रेमवर परत उचलायचा, यात एडिटरची अक्कल उघडी पडते. अकरा वर्षं अंधेरीच्या एका खिडकी नसलेल्या खोलीत मी हे करत होते. तरी मार्च 2023 मधली एक रात्र अजून डोक्यातून जात नाही.

मुखवटा घालून लढणाऱ्या रे मिस्टेरियोचं नाव डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन रेसलिंग कंपनीच्या हॉल ऑफ फेमसाठी जाहीर झालं होतं. 31 मार्चला लॉस एंजेलिसमध्ये सोहळा, म्हणजे आपल्याकडे 1 एप्रिलची सकाळ. त्याच्या कारकिर्दीवर तीन मिनिटांचं हिंदी पॅकेज हवं होतं. रात्री दहाला हार्डडिस्क हातात, सकाळी सहाला अपलोड. प्रोड्यूसरचा ब्रीफ एका ओळीचा: "मॅम, थोडा इमोशन, और 619 की बारिश."

स्क्रिप्ट उघडली तर पहिलंच वाक्य, '619 दुश्मनों को धूल चटाने वाला'. लिहिणाऱ्याला वाटलं होतं, हा हरवलेल्या लोकांचा आकडा आहे. 619 हा सॅन डिएगोचा टेलिफोन कोड. त्या शहराला लागून असलेल्या चुला व्हिस्टात 1974 साली ऑस्कर गुतिएरेझ जन्मला, पुढे तो रे मिस्टेरियो झाला आणि आपल्या डावाला त्याने गावाचा कोड दिला. सांगलीच्या पैलवानाने '0233' नावाचा डाव काढावा तसं. मी फोन करून हे सांगितलं तर लिहिणारे साहेब म्हणाले, "पब्लिक को क्या फर्क पडता है." पब्लिकला याच्या दसपट माहीत असतं. वाक्य मीच बदललं.

मला हे माहीत असायचं कारण दादा. सांगलीला आमच्या घरी त्याच्याकडे डब्ल्यूडब्ल्यूईचे पत्ते होते. खेळताना हाइट, वेट असं काहीतरी बोलायचं आणि ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता उचलायचा. मिस्टेरियोचा पत्ता आला की पोरांची तोंडं वाकडी व्हायची. पाच फूट सहा, 175 पाउंड, काहीही बोला, पत्ता गेलाच. दादा मात्र तो पत्ता खेळात उतरवायचाच नाही, वेगळा दप्तरात ठेवायचा. शनिवारी शाळा सुटली की मी लोखंडी पलंगाच्या कठड्यावर मान टाकून थांबायचं आणि दादाने भिंतीपासून पळत येऊन कठडा धरून पाय फिरवायचे. खासबागेच्या कुस्त्या बघितलेले बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "नुरा आहे रे सगळी." नुरा आहेच. निकाल ठरलेला असतो. पण ठरवून पडलं म्हणून पाठ कमी शेकते असं नाही, हे बाबांना कधी पटलं नाही.

आता जरा धंद्यातलं. अमेरिकेचं फुटेज सेकंदाला 29.97 फ्रेमचं, आपलं प्रसारण 25 चं. दर सेकंदाला पाचेक फ्रेम कुठेतरी माराव्या लागतात. सॉफ्टवेअरवर सोडलं तर ते शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींवर चढवून एक करतं. नुसता उभा राहून बोलणारा माणूस असला तर कुणाला कळतही नाही. पण दोरीवरून सुटलेला मिस्टेरियो असला की एका फ्रेममध्ये दोन मिस्टेरियो दिसतात, एक नुकताच निघालेला आणि एक वीतभर पुढे, दोघंही अर्धवट, काचेवर साचलेल्या वाफेसारखे. टीव्हीवर ते थरथरल्यासारखं वाटतं आणि उडीची धार जाते. बहुतेक एडिटर तसंच सोडून देतात. क्यूसीवाला, म्हणजे शेवटची तपासणी करणारा, पकडत नाही, त्याचं लक्ष आवाजाच्या पातळीवर आणि चुकून राहिलेल्या काळ्या फ्रेमवर. मी पाय सुटल्यापासून पाय टेकेपर्यंतच्या फ्रेम हाताने निवडते. यासाठी मला कुणी जास्त पैसे देत नाही आणि कुणी विचारतही नाही.

त्या रात्री अकरा ते एक मी एकच कुस्ती धरून बसले. 26 ऑक्टोबर 1997, लास वेगास, हॅलोविन हॅवॉक नावाचा रेसलिंगचा कार्यक्रम. एडी गरेरो या मल्लाचा क्रूझरवेट, म्हणजे हलक्या वजनगटाचा, पट्टा विरुद्ध मिस्टेरियोचा मुखवटा. हरला तर मुखवटा काढायचा. अंगात जांभळा सूट, मुखवटा त्याच सुटाला जोडलेला. एडी सगळी कुस्तीभर तो फाडायला बघतो. शेवटी दोघं वरच्या दोरीवर. एडी त्याला दोन्ही हातांनी खांद्यावर पेलतो, तिथून खाली आपटायच्या बेताने. मिस्टेरियो तिथल्या तिथे फिरतो, पाय एडीच्या मानेभोवती येतात आणि दोघं उलटे होऊन खाली. फ्रेमफ्रेमने बघितलं की दिसतं, उडणारा अर्धंच काम करतो. उरलेलं खालच्याचं. तो योग्य वेळी सोडतो, हनुवटी छातीला लावतो, स्वतःहून गिरकी घेतो. मिस्टेरियोच्या उड्यांचं कौतुक सगळे करतात. त्या उड्या झेलायला एडीसारखा माणूस मिळाला याचं कौतुक मला जास्त.

बाकीचा प्रवास मी झपाट्याने लावला. 1989 साली चौदाव्या वर्षी मेक्सिकोत सुरुवात, नात्यातल्याच एका मल्लाच्या हाताखाली. 1995 ला ईसीडब्ल्यू, 1996 ला डब्ल्यूसीडब्ल्यू, दोन्ही अमेरिकेतल्या रेसलिंग कंपन्या. फेब्रुवारी 1999, ओकलंड, तिथे मुखवटा हरला. बिनमुखवट्याचा चेहरा पॅकेजात नको अशी सूचना होती, त्यामुळे तीन वर्षं एका चमकाऱ्यात उडाली. 2002 ला मुखवट्यासकट डब्ल्यूडब्ल्यूईत. नोव्हेंबर 2005 मध्ये एडी वारला. दोनच महिन्यांनी मिस्टेरियो रॉयल रंबलला, जिथे तीस जण एकामागून एक रिंगमध्ये येतात, दुसऱ्या नंबरवर आत आला आणि 62 मिनिटं 12 सेकंद टिकून जिंकला. मग 2 एप्रिल 2006, शिकागोजवळ रोझमाँटला रेसलमेनिया 22, डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम, समोर कर्ट अँगल आणि रँडी ऑर्टन, आणि वर्ल्ड हेवीवेट पट्टा. प्रोड्यूसरचा 'इमोशन' एवढ्यातच भरपूर झाला. 2009 ला त्याने जेबीएल नावाच्या मल्लाला 21 सेकंदांत हरवलं होतं, तेही घेतलं, कारण ते अख्खंच्या अख्खं वापरता येतं.

आता तो पाऊस. 619 मध्ये समोरचा माणूस मधल्या दोरीवर मान आणि छाती टाकून पडलेला लागतो, तोंड बाहेरच्या बाजूला. मिस्टेरियो पलीकडच्या दोरीवर आदळून धावत येतो, वरची आणि मधली दोरी धरून दोन्हींमधून पाय गर्रकन फिरवतो आणि लाथ चेहऱ्यावर. डाव देखणा आहे. त्यातली अडचण अशी, की तो धावून येईपर्यंत समोरचा दोरीवर नुसता ओठंगून असतो. भला सहा फुटी गडी, उठता येत असून उठत नाही. रेसलिंगची टिंगल करणारे नेमके याच जागेवर बोट ठेवतात. म्हणून आम्ही तो वेळ कापतो. माणूस दोरीवर पडला, कट, मिस्टेरियो निम्म्या वाटेत, लाथ. मधले तीन-चार सेकंद कचऱ्यात. मी असे शेकडो वेळा कापले असतील. नव्या मुलांना शिकवतानाही हेच सांगायचे, "दोरीवरचा माणूस दिसता कामा नये, तो नुसता लागला पाहिजे."

दोनच्या सुमारास 2015 ते 2018 या भोकाशी आले. त्या वर्षांत तो डब्ल्यूडब्ल्यूईत नव्हता, म्हणजे हार्डडिस्कवर काही नाही. हॉल ऑफ फेमला त्याची ओळख करून देणार होता कोनान, मेक्सिकोपासूनचा त्याचा जुना सोबती. दोघांचा एखादा जुना फोटो संदर्भाला मिळतो का म्हणून शोधायला गेले आणि एका व्हिडिओवर अडकले.

20 मार्च 2015, तिहुआना. ज्या गावात मिस्टेरियो कुस्ती शिकला, तेच. जोडीची कुस्ती. समोर पेर्रो आग्वायो ज्युनियर, तिकडच्या एका नावाजलेल्या मल्लाचा मुलगा आणि स्वतःही मोठं नाव. मिस्टेरियोची लाथ बसते, आग्वायो दोरीकडे जातो आणि मधल्या दोरीवर मान टाकून पडतो. शेजारी त्याचा जोडीदारही तसाच दोरीवर. 619 ची नेहमीची मांडणी. मिस्टेरियो धावतो. लोक ओरडतात. कुस्ती पुढे चालू राहते. कोनान खालून येतो आणि आग्वायोला हलवतो. तो हलत नाही.

त्याच रात्री तो गेला. मानेच्या मणक्यांना इजा. वय 35.

मी तो तुकडा धंद्याच्या सवयीने बघितला, हे सांगायला लाज वाटते. एक फ्रेम पुढे, एक फ्रेम मागे. मला तो क्षण हवा होता, जिथपर्यंत तो वाट बघणारा माणूस आहे आणि जिथून पुढे नाही. अकरा वर्षं फ्रेमा मोजलेला डोळा, उडीतली एक दुहेरी फ्रेम मला चालत्या टाइमलाइनवर दिसते. इथे पंचवीसेक वेळा मागेपुढे केलं, मिळाला नाही. चांगलं दोरीवर पडणं म्हणजे असंच तर दिसणं असतं, हात लोंबलेले, मान सैल. तिथे उभ्या कुणालाही ते लगेच कळलं नाही, यात मला नवल वाटलं नाही. ते सगळे तेच बघत होते जे बघायची त्यांना सवय होती. ती सवय लावणाऱ्यांत माझ्यासारखे किती असतील.

आणि मिस्टेरियो. त्याने तो डाव सोडला नाही. सोडणार कसा? ते त्याचं नाव झालंय, टी-शर्टवर छापलेलं, लोक '619' म्हणून ओरडतात. त्यानंतरही तो कुणाला तरी त्या दोरीवर टाकत राहिला, पलीकडे धावत आणि वळत राहिला. वळताना पहिल्यांदा काय बघत असेल? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि त्याला विचारायची माझी लायकीही नाही.

असिस्टंट पोरगा चहा घेऊन आला. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "ताई, हे आपल्याला घ्यायचंय?" मी म्हटलं, नाही. घ्यायचा प्रश्नच नव्हता, हक्क नाहीत, आणि असते तरी हॉल ऑफ फेमच्या पॅकेजात मेलेला माणूस कोण टाकतो. ते बरोबरच आहे. मला त्यावर वाद घालायचा नव्हता.

मी परत रेसलमेनिया 22 वर गेले. ऑर्टन दोरीवर पडतो आणि मिस्टेरियो 619 मारतो तिथे माझा कट होता. तो मी उघडला आणि कापलेला तुकडा परत जोडला. तीन सेकंद, 75 फ्रेम. ऑर्टन नुसता दोरीवर. मागे लोकांचा आवाज चढतोय, मिस्टेरियो चौकटीबाहेर. मग तो येतो. तीन सेकंद टाइमलाइनवर किती लांब दिसतात हे या धंद्यात नसलेल्याला समजायचं नाही. मला ते बरं वाटलं, का ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

साडेचारला प्रोड्यूसर आला. पॅकेज बघितलं. हॅलोविन हॅवॉकच्या उडीवर "वा" म्हणाला, जिच्यासाठी दोन तास घातले होते, एवढं एकच "वा". ऑर्टनवर आला आणि थांबवलं.

"मॅम, ये क्या है? रँडी बैठा हुआ है."

"राहू दे."

"ड्रॅग हो रहा है."

मी म्हटलं, संगीताचा ठेका इथे श्वास मागतोय. हे साफ खोटं होतं आणि त्यालाही ते कळलं, तो गाढव नाही. तिहुआनाचं मी बोलले नाही. पहाटे साडेचारला, अपलोडला दीड तास असताना, 'मला हा माणूस वाट बघताना दिसायला हवाय' हे कुठल्या भाषेत सांगणार? तो म्हणाला, "आप ही तो सिखाती हो, रोप पे बंदा नहीं दिखना चाहिए."

मी कापलं. तीन सेकंद वाचले, तिथे आणखी एक 619 बसलं. सहाला चार मिनिटं कमी असताना फाइल गेली.

रविवारी, 2 एप्रिलला, पहाटे साडेपाचला रेसलमेनिया 39 सुरू झाला. मिस्टेरियोसमोर त्याचा स्वतःचाच मुलगा डॉमिनिक होता. त्याआधी कधीतरी आमचं पॅकेज लागलं. दादाचा सांगलीहून फोन चालूच होता, तिकडे तो बघत होता, इकडे मी. मला पलंगाचा कठडा आठवत होता. मानेला लागायचा तो गार लोखंडाचा स्पर्श, आणि मागून दादाचे धावते पाय ऐकू यायचे ते. मी डोळे मिटून घ्यायचे.

ऑर्टनचा शॉट आला. "काय वेग आहे!" दादा म्हणाला. कट कुठल्या फ्रेमवर आहे ते मला पाठ होतं. तरी तो मला दिसला नाही.