पेटीतली डीव्हीडी

सोमवारी सकाळी सातला मुनीमकाकांचा फोन आला. "सर, टॅली उघडंना गेलीय. समद्या फाइलींच्या नावामागं कायतरी इंग्रजी चिकटलंय."

"काका, कशालाच हात लावू नका. फक्त सर्व्हरच्या मागची नेटची निळी वायर उपटा. मी आलोच."

लातूरच्या मार्केट यार्डातली ही आडत, इथले कॉम्प्युटर मी सांभाळतो. सोयाबीनचे दिवस, दारात रात्रीपासून ट्रॅक्टर उभे. सौदा निघाला की मापं होतात, मापं झाली की शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या पावतीसाठी, खिडकीशी येतो. पट्टी निघाली नाही तर त्याचे पैसे अडकतात. मी पोचलो तेव्हा काका सर्व्हरसमोर हात बांधून उभे होते. टॅलीच्या १०००१ फोल्डरातली एकही फाइल शाबूत नव्हती, वजनकाट्याचा डेटाबेस गेला होता, स्कॅन केलेली बिलं गेली होती. प्रत्येक फोल्डरात पैसे मागणारी एक टेक्स्ट फाइल. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस.

शेजारी यूएसबी हार्डडिस्कचा दिवा लुकलुकत होता. रोज रात्री तिच्यावर आपोआप कॉपी व्हायची. तीही लॉक. कॉपी झाली की ती काढून कपाटात ठेवा, हे मी किती वेळा सांगितलं असेल! सर्व्हरला लटकवलेली हार्डडिस्क म्हणजे बॅकअप, असं निम्म्या बाजाराला वाटतं. पण विंडोजला जो ड्राइव्ह दिसतो, तो आत शिरलेल्यालाही दिसतोच.

उरल्या डीव्हीडी. दर शनिवारी संध्याकाळी मी दोन कॉपी काढतो, एक ऑफिसात, एक काकांच्या घरी. "आता डीव्हीडी कोण वापरतं?" असं शेठ दर महिन्याला विचारायचे. नव्या कॉम्प्युटरला ड्राइव्हच नसतो, म्हणून बाहेरून जोडायचा रायटर मी स्वतःच्या पैशानं आणला. डीव्हीडी-आर एकदाच लिहिता येते. नंतर तिच्यावर काही बदलता येत नाही, मला नाही आणि त्या चोरालाही नाही. खोक्यावर ४.७ जीबी असतं, विंडोज ४.३७ दाखवतं. यांचा डेटा दाबून ३.६ जीबी होतो. विनरार या फाइली दाबायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक-एक जीबीचे तुकडे करतो, ५ टक्के रिकव्हरी रेकॉर्ड टाकतो, म्हणजे थोडं खराब झालं तर दुरुस्त करता येतं. १६ एक्सच्या वेगानं कधीच लिहीत नाही, सावकाश ४ एक्सवरच. पाऊण तास जातो, कारण लिहून झाल्यावर पूर्ण डिस्क परत वाचून तपासतो. शेवटी हॅशचे, म्हणजे डेटा जरा जरी बदलला तरी बदलणाऱ्या खुणेच्या आकड्याचे, पहिले आठ अक्षर-अंक कव्हरवर पेननं लिहितो, डिस्कवर नाही.

ऑफिसातली कॉपी घातली. पहिले तीन तुकडे उतरले. चौथ्यावर ड्राइव्ह गुरगुरायला लागला, घसा खरवडल्यासारखा, आणि सायक्लिक रिडंडन्सी चेकचा एरर आला, म्हणजे डेटा नीट वाचता येईना. बाहेर काढून उजेडात धरली. ऑफिसातल्या पोरानं ओळखू यावी म्हणून वर कागदी स्टिकर चिकटवलं होतं, तेही एका अंगाला. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे चौथा तुकडा कडेला. एका बाजूला वजन झालं की वेगात फिरताना सगळ्यात जास्त हेलकावे कडेलाच. स्टिकर सोलायचं म्हटलं तर डिस्कच सोलली जाण्याची भीती. वेग कमी करून पाहिला, दुसऱ्या ड्राइव्हात पाहिली, नाही म्हणजे नाही. त्या पोराला मी काही बोललो नाही. स्टिकर लावू नये हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं.

काका मोटरसायकलवर घरी गेले. काकूंनी ती डीव्हीडी लोखंडी पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवली होती. पत्र्याच्या ऑफिसापेक्षा कितीतरी चांगली जागा. अंधार, धूळ नाही, उन्हाची झळ नाही. ती घातल्यावर काका देव्हाऱ्यासमोर उभं राहावं तसे स्क्रीनसमोर उभे. चारही तुकडे उतरले. हॅश कव्हरवरच्या आठ अक्षर-अंकांशी जुळला. मी ते दोनदा मोठ्यानं वाचले.

सर्व्हर पुसून विंडोज नव्यानं टाकलं, डेटा परत बसवला. तोवर पट्ट्या हातानं चालल्या. शनिवारी माझ्या कॉपीनंतर काकांनी चढवलेल्या ४२ पट्ट्या गेल्या होत्या, त्या पुस्तकाच्या कार्बन कॉपीवरून परत चढवल्या. जीएसटीचा हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो. काकांना पहिली भीती त्याचीच होती. रात्री ११ ला मागच्या सगळ्या वर्षांचे आकडे जुळले तेव्हा ते खुर्चीवर मटकन बसले.

मंगळवारी शेठनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. ते मला सहन झालं नाही. कारण पुसण्याआधी मी सर्व्हरचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, पाहिला होता. ४६२५ नंबरच्या नोंदी, म्हणजे चुकलेले लॉगिन, पानंच्या पानं. आणि रविवारी रात्री एक ४६२४, म्हणजे जमलेलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये काकांना घरून काम करता यावं म्हणून राऊटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरून सर्व्हर चालवायचं रिमोट डेस्कटॉपचं दार, मीच उघडलं होतं. पासवर्ड दुकानाचं नाव आणि एक-दोन-तीन. तात्पुरतं म्हणून उघडलं, ते तसंच राहिलं.

बुधवारी केबिनमध्ये जाऊन शेठना सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरच्या सोयाबीनच्या नमुन्यात बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "असलं दार तुम्ही अजून कुणाकुणाकडं उघडं ठिवलंय?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या रात्री मेंटेनन्सची डायरी काढून बसलो. १९ ठिकाणं, त्यातल्या ७ ठिकाणी तेच पोर्ट उघडं. गुरुवारी चार बंद केली. तिघा मालकांना घरून टॅली बघायची सवय लागलीय. व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत यायचा सुरक्षित रस्ता, बसवून देतो म्हटलं तर एक म्हणतो दिवाळीनंतर बघू, दुसरा खर्च विचारून गप्प झाला, तिसरा फोन उचलत नाही. उद्या सकाळी दुकान उघडायच्या वेळी त्याच्या दारात जाऊन उभा राहणार आहे.