पीसीपीए, रिझरपिन आणि अडलेला फॉर्म बी : माझा अनुभव

मेंदूतील सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन घटवल्यास अपस्माराचे झटके अधिक सहज येतात का, हा माझ्या एम. फार्म.च्या प्रबंधाचा विषय होता. परभणीहून छत्रपती संभाजीनगरला आल्यावर विषय, संदर्भ आणि आराखडा ही कामे सुरळीत झाली. काम अडले ते प्राणी-प्रयोग नैतिकता समितीपाशी.

माझा फॉर्म बी, म्हणजे प्राणी-प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, परत आला तेव्हा औषधाच्या रकान्यात सेरोटोनिन घटवण्यासाठी मी निवडलेल्या पीसीपीएभोवती (पॅरा-क्लोरोफेनिलअॅलानिन) पेन्सिलीने गोल करून शेजारी लिहिले होते, ‘रिझरपिन का नाही?’ सर्पगंधेपासून मिळणारे रिझरपिन आमच्या कपाटात होतेच, शिवाय ते स्वस्त. पण ते सेरोटोनिनबरोबर नॉरअॅड्रेनॅलिन आणि डोपामाइन या इतर संदेशवाहकांचेही साठे रिकामे करते, त्यामुळे झटका वाढला तरी तो नेमका कशाच्या अभावाने वाढला हे सांगता येत नाही. पीसीपीए मात्र सेरोटोनिन तयार करणाऱ्या ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज या विकरालाच रोखते. को आणि वाइसमन यांचा १९६६ चा शोधनिबंध जोडून मी हे उत्तर दिले, तरी ते ऐकून घ्यायला बैठकच होईना. प्राणी-प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीचे नामनिर्देशित सदस्य हजर नसतील तर बैठक ग्राह्य धरत नाहीत, हा नियम योग्यच आहे. पण बैठक रद्द झाल्याचे विद्यार्थ्याला आधी कळवायला काय हरकत होती? फाईल मांडीवर घेऊन मी व्हरांड्यात ताटकळत असे आणि संध्याकाळी शिपाईकाका सांगत, ‘ताई, आज मीटिंग नाही.’ त्या वाया गेलेल्या वेळेचा राग अजून गेलेला नाही.

प्राण्यांना होणाऱ्या त्रासाचे समर्थन लिहिताना रुग्णांचा संबंध स्पष्ट दाखवावा. सेरोटोनिनची क्रिया वाढवणारे फेनफ्लुरामाइन २०२० मध्ये अमेरिकेत ड्राव्हे सिंड्रोम या लहानपणी सुरू होणाऱ्या गंभीर अपस्मारातील झटक्यांसाठी मंजूर झाले, हे मी पुरवणीत लिहिले आणि पुढच्या बैठकीत समितीतल्या मॅडमनी त्यावरच प्रश्न विचारले. मंजुरी मिळाली तेव्हा खरोखर हायसे वाटले.

तोवर एप्रिल उजाडला होता. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वीज गेली की प्राणिगृह तापते आणि तापमानाचा झटक्यांवर परिणाम होतो, म्हणून अर्ज पावसाळ्यातच द्यावा. पीसीपीएचा परिणाम दोन-तीन दिवसांनी पूर्ण दिसतो, तेवढे दिवस वेळापत्रकात धरावेत. अपस्माराचा झटका आणण्यासाठी दिलेल्या विजेच्या धक्क्यानंतर रॅटचे मागचे पाय ताठ होऊन मागे ताणले जातात, तो काळ स्टॉपवॉचवर मोजायला दोघे जण हवेत. आणि प्राणी नोंदणीकृत पैदासकाराकडूनच घ्यावेत. त्याची पावती समिती मागते.